साडूचा जामीन

कोर्टातून बोलावणं आलं तेव्हा कवळीवाले एका म्हाताऱ्याचे खालचे दात मेणात बसवत होते. बोलावणं म्हणजे समन्स वगैरे काही नव्हतं. त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली, फोन त्यांच्या कानाला लावला आणि म्हणाली, "धाकटी आहे. रडतेय. नीट बोला जरा."

धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. तिचा नवरा, म्हणजे कवळीवाल्यांचा साडू, नगरपालिकेचा अध्यक्ष होता. पदाचा त्याला इतका अभिमान होता, की घरातसुद्धा त्याला सगळे अध्यक्षच म्हणत. "अध्यक्ष, दूध आणलंत का?" असं मेहुणी विचारायची, आणि अध्यक्ष "विषय विचाराधीन आहे" असं उत्तर द्यायचे.

त्या अध्यक्षांना सकाळी पोलीस घेऊन गेले होते.

कारण होतं नगरपालिकेच्या दारातलं कारंजं. ते कोरडं होतं, आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रारही नव्हती. पण त्याच्या दुरुस्तीचं बिल तीन वेळा निघालं होतं. शेवटी कुणीतरी वर अर्ज केला, तपासनीस आले, त्यांनी गुडघे टेकून कारंज्याखाली डोकावून पाहिलं, तर त्याला पाण्याचा पाइपच जोडलेला नव्हता. जे कधी चाललंच नाही, ते तीनदा बिघडलं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ठेकेदाराने अध्यक्षांकडे बोट दाखवलं, अध्यक्षांनी ठेकेदाराकडे, आणि पोलिसांनी दोघांनाही एकाच गाडीत बसवलं.

"भाऊजी, जामीनदार लागतोय," मेहुणी फोनवर हुंदके देत म्हणाली. "स्वतःचं घर असलेला. कर्ज नसलेलं घर."

कवळीवाल्यांनी हातातला दात खाली ठेवला. अध्यक्षांच्या पुढेमागे एरवी चाळीसएक माणसं असायची. त्यातल्या निम्म्यांची घरं चांगली तीनमजली होती. पण त्या सकाळी कुणाला परगावी लग्न निघालं होतं, कुणाच्या पाठीत उसण भरली होती, आणि एका नगरसेवकाने तर फोन उचलून स्वतःच सांगितलं होतं, की मी घरी नाही.

"आपलं घर?" कवळीवाल्यांनी बायकोला दबक्या आवाजात विचारलं.

"माझी एकुलती एक बहीण आहे," बायको म्हणाली. तिथे चर्चा संपली.

घर छोटंच होतं. खाली कवळ्या बनवायची खोली, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घासून कवळीवाल्यांनी ते बांधलं होतं. गावातल्या तिन्ही दंतवैद्यांचं काम त्यांच्याकडे यायचं. तोंडाचे ठसे यायचे, दात घडून जायचे, आणि रस्त्यात कुणी हसलं, की माणूस ओळखण्याआधी ते दात ओळखत.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आरोपीला कसे ओळखता?"

"बाई, आमच्या बायका सख्ख्या बहिणी."

"आरोपी तारखेला हजर राहिला नाही, पळून गेला, तर तुमच्या घरावर जप्ती येईल. कळतंय ना?"

"कळतंय," कवळीवाले म्हणाले. त्यांनी सही केली आणि सहीनंतर त्यांना ते खरोखर कळलं.

बाहेर वकिलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काही काळजी करू नका. एवढा ओळखीचा चेहरा. पळून पळून जाणार कुठे?" तेवढ्यात शेजारून जाणारा कोर्टाचा शिपाई सहज म्हणाला, "मागच्या वेळचे पतपेढीवाले पण ओळखीचेच होते. मुलीकडे जाऊन येतो म्हणाले, ते अजून येतायत."

त्या दिवसापासून कवळीवाल्यांच्या जिवाला घोर लागला.

पुढच्याच आठवड्यात बँकेने अध्यक्षांची मोटार ओढून नेली, आणि तिच्यामागोमाग बंगल्याला कुलूप घातलं. निवडणुकीसाठी काढलेल्या कर्जांचं गाठोडं एकदम सुटलं होतं. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, आणि तिसऱ्याच्या हप्त्यासाठी कारंजं, असा तो सगळा मामला होता. अध्यक्ष आणि मेहुणी चार बॅगा आणि एक उभं घड्याळ घेऊन कवळीवाल्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले.

कवळीवाल्यांना एकीकडे हायसं वाटलं. माणूस डोळ्यांसमोर राहणार होता. पण अध्यक्ष नुसते राहत नव्हते, ते कारभार करत होते. जेवायला बसले, की ते पाण्याच्या पेल्यावर चमचा वाजवत. "सकाळी आंघोळीला आधी कोण, याबाबत काही धोरण ठरलं पाहिजे. मी असा ठराव मांडतो, की ज्येष्ठतेनुसार..."

"भात घ्या," मेहुणी म्हणे.

"भात घेतोच आहे. सूचक मी. अनुमोदन साडूभाऊ देतील."

दिवसा ते खाली कामाच्या खोलीत येऊन बसत, आणि दातांची वाट पाहत बसलेल्या गिऱ्हाइकांना राजकीय षड्‌यंत्र समजावून सांगत. बिचाऱ्यांच्या तोंडात दात नसल्यामुळे त्यांना वाद घालता येत नसे. अध्यक्षांना असे श्रोते जन्मात मिळाले नव्हते.

हे सगळं कवळीवाले सहन करत होते. पण एका दुपारी वर पाण्याची टाकी बघायला गेले असताना त्यांना दिसलं, की अध्यक्षांनी बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. मावसभावाकडे जरा हवापालट करून यावं म्हणतो."

"कुठे असतो मावसभाऊ?"

अध्यक्षांनी हाताने खिडकीबाहेर, डोंगराच्याही पलीकडे कुठेतरी, असं दाखवलं. "बंदरावर. आगबोटीच्या कंपनीत आहे."

कवळीवाल्यांच्या पायाखालची जमीनच सरकली, आणि त्या जमिनीवर त्यांचं घर उभं होतं. दुपारभर त्यांनी केलेलं काम वाकडं झालं. एका सुळ्याच्या जागी त्यांनी दाढ बसवली. संध्याकाळी अध्यक्ष खाली आले आणि गालावर हात ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, हिरडीला डाव्या बाजूला काहीतरी टोचतंय बघा."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावभर ज्या हास्याची चित्रं लागली होती, "हसतमुख नेतृत्व" म्हणून ज्या हास्याला मतं पडली होती, ते हास्य कवळीवाल्यांनी घडवलेलं होतं. पंचेचाळिशीतच हिरड्यांच्या आजाराने अध्यक्षांचे दात गेले होते. ही गोष्ट जगात चारच माणसांना माहीत होती, आणि ती चारही आता एका छपराखाली राहत होती.

कवळीवाल्यांनी कवळी हातात घेतली, दिव्याखाली धरली. जरासा कंगोरा होता. दोन मिनिटांचं काम. त्यांनी मान वर केली, तर अध्यक्ष पडद्यामागे सरकले होते. दारात पेपरवाला बिल मागायला उभा होता. अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून हाताने "तुम्ही बघा, तुम्ही बघा" अशा खुणा करत होते. एवढा बोलका माणूस पेपरवाल्यासमोर यायला तयार नव्हता.

कवळीवाले क्षणभर कवळीकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "काम जरा मोठं आहे. उद्यापर्यंत ठेवावी लागेल."

त्या रात्री जामीन दिल्यापासून पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली. कवळी त्यांच्या उशाशी कपाटात, कुलपात होती.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू टोचायला लागली. तिसऱ्या दिवशी, कवळीवाल्यांच्या मते, साचाच बदलायला हवा होता. मग असं ठरूनच गेलं, की पोलीस ठाण्यात हजेरी द्यायच्या दिवशी अध्यक्षांना दात मिळायचे, आणि परत आल्यावर "बघू, बसतायत का नीट" म्हणून कवळीवाले ते काढून घ्यायचे. बंदर, आगबोट, मावसभाऊ, सगळं बंद झालं. बॅगेतले कपडे मेहुणीने पुन्हा खुंटीला लावले.

घर एकदम शांत झालं. ठराव बंद, अनुमोदनं बंद. अध्यक्ष मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा खात आणि लोक काय बोलतात ते ऐकत. बायकोने दोघी बहिणींच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली, ती कुणीही मध्ये न तोडता शेवटपर्यंत झाली. मेहुणी एकदा चहा द्यायच्या निमित्ताने खाली आली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊजी, दुरुस्तीची घाई करू नका हं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मी काय म्हणते ते यांना या महिन्यात कळायला लागलंय."

कवळीवाल्यांना मात्र अधूनमधून स्वतःची लाज वाटे. एकदा ते बाहेरून येत होते, तेव्हा वरच्या खिडकीत अध्यक्ष दिसले. खाली रस्त्यावरून दोन ओळखीची माणसं बोलत चालली होती. अध्यक्ष त्यांच्याकडे बघत होते, अगदी बोलावंसं वाटत असल्यासारखे, आणि माणसांनी वर पाहताच ते झटकन पडद्याआड झाले. कवळीवाले तसेच वर गेले आणि अध्यक्षांशी तासभर पत्ते खेळत बसले. मुद्दाम हरले. पण कवळी दिली नाही.

अशा रीतीने गुन्हा कबूल आहे की नाही, हे विचारण्याची तारीख उजाडली.

त्या सकाळी नेमका घोळ झाला. कामाच्या खोलीत दोन वाडग्यांमध्ये दोन कवळ्या पाण्यात होत्या. एक अध्यक्षांची आणि दुसरी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. मुख्याध्यापिकाबाईंनी पहाटेच माणूस पाठवला. कवळीवाले दाढी करत होते, म्हणून बायकोने मदत करायच्या हेतूने एक वाडगा उचलून त्याला देऊन टाकला. कवळीवाल्यांनी उरलेला वाडगा घेतला, कवळी डबीत घातली, डबी खिशात घातली, आणि अध्यक्षांना स्कूटरवर मागे बसवून कोर्टात आले. दात ते हल्ली ठाण्याच्या दारातच देत, आज कोर्टाच्या दारात दिले.

नावाचा पुकारा झाला. अध्यक्षांनी भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "शाडूभाऊ, हे..."

"चला, चला!" वकिलाने त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

मुख्याध्यापिकाबाईंचा जबडा लहान होता. अध्यक्ष पिंजऱ्यात उभे राहिले ते ओठ घट्ट मिटून. ठेकेदार शेजारी उभा होता. न्यायाधीशबाईंनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे की नाही?"

अध्यक्षांनी महिनाभर मनात पाठ केलेलं वाक्य असं होतं: "मला गुन्हा कबूल नाही, हे राजकीय षड्‌यंत्र आहे." त्यांनी छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"मला गुन्हा कबूल..."

वरची कवळी सुटून खाली आली. अध्यक्षांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. कवळी हिरडीत रुतून त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

टंकलेखकाची बोटं हवेत थांबली. ठेकेदार पांढराफटक पडला. वकील ताडकन उठला. "बाई, माझ्या अशिलाची प्रकृती..."

"ते रडतायत," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही जरा मऊ झाला होता. "पाणी द्या त्यांना. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारते."

बाहेर येताच अध्यक्षांनी कवळी काढून कवळीवाल्यांच्या हातात आपटली. कवळीवाल्यांनी ती एकदा बघितली आणि त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. "बायकांचे दात!" एवढंच म्हणून ते स्कूटरकडे धावले.

मुख्याध्यापिकाबाई घरात खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. तीन पिढ्यांनी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. आता त्या कानापासून कानापर्यंत हसत होत्या, आणि डोळे मात्र आग ओकत होते.

"हे दात कुणाचे आहेत?" त्या हसत हसत गरजल्या. "सकाळपासून तोंड मिटत नाहीये! शेजारीण रडत आली होती, तिच्या दिराचं ऑपरेशन बिघडलंय, आणि मी तिच्यासमोर अशी बसलेय!"

कवळीवाल्यांनी पाय धरायचेच बाकी ठेवले. अदलाबदल झाली, दात धुतले गेले, आणि ते परत निघाले. वाटेत त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. गुन्हा कबूल झाला असेल, तर घर गेलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी झाली होती. आपापल्या तारखांना आलेली माणसं, कारकून, चहावाला, दोन वार्ताहर, सगळे एका बाकाभोवती जमले होते. बाकावर अध्यक्ष तोंडाला रुमाल लावून बसले होते.

"आजवर एकानं तरी कबूल केलं का?" कुणीतरी म्हणत होतं. "सगळे मेले षड्‌यंत्र, षड्‌यंत्र. हा पहिला मर्द निघाला."

"रडला हो ढसाढसा."

जमिनीच्या दाव्यासाठी आलेल्या एका म्हातारीने पुढे होऊन अध्यक्षांच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस रे बाळा. मन मोकळं केलंस."

अध्यक्षांनी रुमालाच्या वरून सगळीकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर टाळ्या ऐकल्या होत्या, पण त्या वाजवणाऱ्यांना ट्रकमधून आणावं लागायचं. हे लोक आपापल्या पायांनी आले होते. कवळीवाल्यांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन कवळी दिली, तेव्हा ते बराच वेळ ती हातात धरून उभे राहिले.

"शाडूभाऊ," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "लोक काय म्हणतायत, ऐकलंत?"

"ऐकलं. आता आत जाऊन नीट नाही म्हणा म्हणजे झालं."

"ठेकेदार पळाला."

"काय?"

"मागच्या जिन्यानं. मी शगळं शांगणार अशं वाटलं त्याला. त्याचा जामीनदार शाशरा त्याच्या मागे पळतोय."

कवळीवाल्यांना त्या सासऱ्याविषयी मनापासून सहानुभूती वाटली.

अध्यक्षांनी दात बसवले, जीभ फिरवून पाहिली, केस सारखे केले आणि आत गेले. न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं. मागे दारापर्यंत माणसं उभी होती.

"कबूल आहे," अध्यक्ष स्पष्ट म्हणाले.

वकिलाने कपाळाला हात लावला. पण अध्यक्षांना सूर सापडला होता. कारंज्याला पाइप नव्हता हे आपल्याला पहिल्या बिलापासून माहीत होतं, ते म्हणाले. कर्जाचे हप्ते थकले होते. ठेकेदाराने वाट दाखवली आणि आपण त्या वाटेने गेलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज एकदा खरंच फाटला, आणि त्या वेळी कवळी जागच्या जागी होती. मग ते गर्दीकडे वळून "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणाले, तेव्हा न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला. "पुरे. ही सभा नाही."

कवळीवाले भिंतीला टेकून खाली बसले होते. वकील बाहेर आला, तेव्हा त्यांनी त्याचा काळा कोट पकडला. "माझं घर कधी जप्त होणार?"

"तुमचं घर?" वकील वैतागून म्हणाला. "तुमचं घर कशाला जप्त होईल? आरोपी हजर आहे ना? निकाल लागला, की कागद परत न्या. गुन्हा तुम्ही केलाय का?"

कवळीवाल्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, आणि मग त्यांना एकदम भूक लागली.

अध्यक्षपद त्याच आठवड्यात गेलं. शिक्षा झाली ती सहा महिन्यांची, शिवाय दंड, आणि घेतलेले पैसे हप्त्याहप्त्याने परत करण्याचा आदेश. पकडून आणलेल्या ठेकेदाराला त्याच्या चौपट मिळाली. तुरुंगात नेण्याआधी दोघा साडूंना पाच मिनिटं मिळाली. कवळीवाल्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं: कंगोरा, साचा, कपाट, कुलूप.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "रोज एवढं कुठे टोचतं, साडूभाऊ?"

"मग बोलला का नाहीत?"

"पळायचं मनात होतं हो. नाही कशाला म्हणू? दात मागितले असते, तर तुम्ही दिले असते, तुम्ही भिडस्त आहात. आणि मग मी गेलोही असतो. त्यापेक्षा म्हटलं, असू देत तुमच्याकडे."

कवळीवाल्यांनी अध्यक्षांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

सहा महिने मेहुणी वरच्या खोलीतच राहिली. एका दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायच्या कामाला लागली आणि महिन्याभरात तिने तिथल्या डॉक्टरांनासुद्धा शिस्त लावली. अध्यक्ष सुटून आले ते वजन उतरवून. तुरुंगात ते भोजन समितीवर निवडून आले होते, तेही बिनविरोध, असं त्यांनी दारातच सांगितलं. गावातल्या सभागृहात खुर्च्या भाड्याने देणाऱ्याने त्यांना हिशेबाला नव्हे, पण गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवून घेतलं. मग मेहुणीने दोन खोल्यांची जागा भाड्याने पाहिली.

सामान हलवायच्या दिवशी अध्यक्ष जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून सूचना देत होते. बायकोने धाकटीला देऊन टाकलेल्या कपाटाच्या खालच्या टोकाला कवळीवाले होते, वरच्या टोकाला हमाल. वळणावर कपाट अडकलं. ना वर जाईना, ना खाली.

"डावीकडे घ्या, साडूभाऊ! थोडं डावीकडे!"

"डावीकडे भिंत आहे, अध्यक्ष!"

"अध्यक्ष म्हणू नका हो आता," वरून आवाज आला. "माजी म्हणा."

"माजी, खाली या आणि हात लावा!"

अध्यक्ष बाह्या सरसावून कपाटावरूनच चढून पलीकडे यायला निघाले, आणि अर्ध्यात त्यांचाही पाय अडकला. स्वयंपाकघरातून दोघी बहिणी धावत आल्या, एकीने कपाट पाहिलं, दुसरीने कपाटावरचा नवरा पाहिला, आणि आधी कुणाला सोडवायचं यावर त्यांच्यात वाद सुरू झाला.